बोट घेतली खरी, पण लोक काय बोलतात ते कळत नाही (पोर्ट, स्प्रिंग, ट्रिम, बिल्ज वगैरे) - मदत हवी

नवखा_नाखवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दसऱ्याला १९ फुटी सेकंडहँड स्पीडबोट घेतली, मागे ११५ एचपीचं आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन), ट्रेलरसकट. आयुष्यात याआधी पाण्यावर जे काही गेलो ते मांडव्याच्या लाँचमधून वेफर खात. विकणाऱ्याने दोन चकरा मारून दाखवल्या, अंगठा वर केला आणि गेला.

आता मुद्दा. गेल्या रविवारी धक्क्याला लागताना मी चाकावर आणि बायको पुढे दोरी घेऊन माझ्याकडे तोंड करून उभी. मी ओरडलो "डावीकडे टाक, डावीकडे!", तिने तिच्या डावीकडे फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला टांगायचा फुगा) टाकला आणि दोरीपण तिकडेच, म्हणजे धक्क्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला. मी घाबरून न्यूट्रल मारलं आणि चाक गरागरा फिरवत बसलो पण बोट ढिम्म वळेना, सरळ जाऊन धक्क्याच्या लोखंडाला घासली. हातभर लांब ओरखडा आलाय. बाजूच्या बोटीवरचे एक काका ओरडून सांगत होते "अहो पोर्टला फेंडर घ्या, आधी स्प्रिंग द्या, मग स्टर्न येईल आत". त्यातलं मला "अहो" तेवढं कळलं.

घरी येऊन इंग्रजी यादी शोधली तर दोनशे शब्द निघाले आणि अर्धे शिडाच्या जहाजांचे. मला रोज लागणारे, पॉवरबोटवाल्याचे, मराठीत समजावून सांगाल का? हसलात तरी चालेल.

---

खुर्चीतला_खलाशी

आधी हसून घेतलं. आता खुर्ची टाकून बसलोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

निवृत्त_दर्यावर्दी

बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यामुळे थोडं मास्तरासारखं लिहितो, चालवून घ्या.

तुमच्या ओरखड्यातच पहिला धडा आहे. डावं-उजवं हे माणसाचं असतं, पोर्ट-स्टारबोर्ड हे बोटीचं. तुम्ही पुढे तोंड करा, मागे करा, डोक्यावर उभे राहा, बोटीच्या मागून पुढे बघताना जी डावी बाजू ती पोर्ट आणि उजवी ती स्टारबोर्ड, ती बदलत नाही. पूर्वी सुकाणू म्हणजे एक मोठं वल्हं असायचं आणि ते उजव्या बाजूला लावलेलं असायचं, म्हणून ती 'स्टिअर' करायची बाजू, स्टारबोर्ड. ते वल्हं धक्क्यावर चेमटू नये म्हणून जहाज डाव्या बाजूने बंदराला लावायचे. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत, पण वाऱ्यात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखंच ऐकू यायचं, शेवटी १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून पोर्ट केलं. म्हणजे तुमच्या आधी बऱ्याच लोकांनी बरेच धक्के घासलेत.

पोर्टचा दिवा लाल, स्टारबोर्डचा हिरवा. दोन रंगांच्या चिकटपट्ट्या आणा आणि आत, जिथे वहिनी उभ्या असतात तिथे दोन्हीकडे चिकटवा. "लाल बाजूला फेंडर" हे कुणालाही कळतं.

पुढचं टोक बो, मागचं स्टर्न. मागची सपाट भिंत, जिच्यावर तुमचं इंजिन टांगलंय, ती ट्रान्सम. बोटीची रुंदी म्हणजे बीम. पाण्याखाली बुडालेली खोली म्हणजे ड्राफ्ट, पाण्याच्या वर कठड्यापर्यंत उरलेली उंची म्हणजे फ्रीबोर्ड. त्या कठड्याच्या कडेला गनवेल लिहितात आणि 'गनल' म्हणतात, उगाच गनवेल म्हणू नका, आमच्यासारखे लोक मनातल्या मनात हसतात. दोरी गुंडाळायचे दोन शिंगांचे खुंट ते क्लीट.

आता न्यूट्रल. तुमच्या बोटीला वेगळं सुकाणू नाहीये. इंजिनच वळतं आणि त्याच्या पंख्याने (प्रोपेलरने) फेकलेलं पाणी ज्या दिशेला ढकलेल तिकडे बोट वळते. न्यूट्रलमध्ये पंखा थांबला की चाक फिरवणं म्हणजे घरातल्या बंद पडलेल्या पंख्याचा रेग्युलेटर फिरवण्यासारखं आहे. धक्क्याजवळ वळायचं असेल तर आधी चाक फिरवा, मग गिअर टाकून क्षणभर ढकला, परत न्यूट्रल. आणि बोट मोटारीसारखी पुढून वळत नाही, तिची पाठ बाहेर फेकली जाते. उजवीकडे वळताना डावं ढुंगण घासतं. तुमचा ओरखडा मागच्या अर्ध्या भागात असणार, बरोबर?

---

नवखा_नाखवा

काका, बरोब्बर मागच्या अर्ध्यात! दंडवत स्वीकारा. बंद पंख्याच्या रेग्युलेटरवर बायको अजून हसतेय.

---

थळचा_पोर

तुमचा आयडी बघून आलो. नाखवा म्हणजे होडीचा मालक, चालवणारा तो तांडेल, आणि बाकीचे खलाशी. आमच्या घरात बाबा तांडेल होते. म्हणजे तुम्ही नाखवा आहात आणि तांडेल व्हायचंय असं समजा :-)

एवढ्या इंग्रजी शब्दांची गरजच काय हा माझा प्रश्न आहे. बो म्हणजे पुढच्या टोकाला आमच्यात नाळ म्हणतात. तळाचं कण्यासारखं लांबडं मुख्य लाकूड म्हणजे पठाण (तुमच्या फायबरच्या बोटीला ते वेगळं नसतं, साच्यातच येतं). प्रोपेलर म्हणजे पंखा, अँकर म्हणजे नांगर, खोली मोजायची ती वावात, एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढी दोरी, साधारण सहा फूट, म्हणजे इंग्रजांचा फॅदम तोच. शब्द आपल्याकडे होतेच, लोकांनी टाकून दिले.

आणि एक सांगतो, शब्द शिकाल तेव्हा शिका, आधी बावटा ओळखायला शिका. पाण्यात बांबूला बांधलेला काळा किंवा लाल फडका, नाहीतर ओळीने तरंगणारे प्लास्टिकचे कॅन दिसले की तिथे जाळं आहे. दोन बावट्यांच्या मधून शॉर्टकट मारायचा नाही. तुमच्या पंख्यात जाळं गेलं तर तुमचा सील फाटेल, आमचं पंधरा-वीस हजारांचं जाळं फाटेल, आणि भांडण होईल ते वेगळं.

---

निवृत्त_दर्यावर्दी

थळचा_पोर, जाळ्याबद्दल शंभर टक्के. शब्दांबद्दल मात्र अर्धाच सहमत. नाळ, वाव, नांगर हे सोन्यासारखे शब्द आहेत, आपसात जरूर वापरा. पण रेडिओवर गुजरातचा टगवाला, केरळचा ट्रॉलर आणि फिलिपिनो कॅप्टन एकाच वेळी ऐकत असतात, तिथे "स्टारबोर्ड" म्हटलं की सगळ्यांचा हात एकाच बाजूला जातो. "उजवीकडे" म्हटलं तर कोणाच्या उजवीकडे?

अवांतर: आपल्या खलाशांनी परदेशी शब्दही पचवलेत की. बोट क्रेनने उचलताना "हाबेस" आणि "आर्या" ऐकलं असेल. हाबेस म्हणजे वर घे, आर्या म्हणजे सोड, खाली घे. आर्या हा पोर्तुगीज 'अरिआर'वरून आलेला. आज मुंबईत कुठल्याही क्रेनखाली तो चालतो आणि तो परका आहे असं कोणाला वाटत नाही.

---

नवखा_नाखवा

अरेच्चा! बोट ट्रेलरवर ठेवताना क्रेनवाला आर्या आर्या ओरडत होता, मला वाटलं त्याच्या हेल्परचं नाव आर्या आहे.

---

खुर्चीतला_खलाशी

मेलो 😀 हा प्रतिसाद धाग्याच्या हेडरमध्ये टाका रे कोणीतरी.

---

जर्सीची_जुई

आमच्याकडे न्यू जर्सीत २१ फुटी बोट आहे, बार्नेगाट बेमध्ये उन्हाळाभर असतो. इथे पॉवरबोट चालवायला सेफ्टी कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं त्यामुळे शब्द पाठ करावेच लागले, नवऱ्याने दोन आणि मी एका फटक्यात (परीक्षा).

माझ्याकडून दोन गोष्टी. पहिली किल स्विच. चाकाजवळ लाल क्लिप असते, तिला गुंडाळीची लाल दोरी, तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या लाइफ जॅकेटला किंवा मनगटाला. तुम्ही पडलात की क्लिप सुटते आणि इंजिन बंद. नाहीतर माणूस पाण्यात आणि बोट त्याच्याभोवती स्वतःच गोल गोल फिरत परत त्याच्याच अंगावर येते, हे खरंच होतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, असा स्विच असलेल्या बोटींवर वेगात जाताना तो लावणं कायद्याने सक्तीचं केलंय.

दुसरी, बंदरात शिरताना पाण्यात जे लाल-हिरवे बोये असतात त्याचा सोपा मंत्र: रेड राइट रिटर्निंग. समुद्रातून परत येताना लाल बोया आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. झालं, कधीच चुकणार नाही.

---

निवृत्त_दर्यावर्दी

जुईताई, थांबा थांबा थांबा. नवखा_नाखवा, तो मंत्र भारतात वापरू नका!

बोयांच्या बाबतीत जग दोन भागात वाटलंय. अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपिन्स हा रीजन बी, तिथे जुईताई म्हणतात तसंच. बाकी जवळपास सगळं जग रीजन ए, त्यात भारत आला. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, पोर्टला, आणि हिरवा स्टारबोर्डला. म्हणजे तुमच्या बोटीचा लाल दिवा ज्या बाजूला त्याच बाजूला लाल बोया, लक्षात ठेवायला उलट सोपं. बाहेर जाताना अर्थातच उलट.

बोटीवरचे दिवे मात्र जगात सगळीकडे सारखे. आणि त्यात एक गंमत आहे जी रात्री जीव वाचवते. तुमच्या उजवीकडून एक बोट आडवी येतेय, तिची कुठली बाजू तुम्हाला दिसणार? तिची पोर्ट, म्हणजे लाल दिवा. लाल दिसला म्हणजे सिग्नल लाल, वाट तुम्ही द्यायची. तुम्ही 'गिव्ह-वे', ती 'स्टँड-ऑन', म्हणजे तिने आपला वेग आणि दिशा तशीच ठेवायची आणि तुम्ही तिच्या मागून जायचं. तिला मात्र तुमचा हिरवा दिसत असतो. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या स्टारबोर्डला वळायचं. ओव्हरटेक करणाऱ्याने नेहमी लांब राहायचं, कुठल्याही बाजूने का जाईना. आणि मुंबई बंदराच्या चॅनेलमध्ये मोठं जहाज येत असेल तर हे सगळं विसरून बाजूला व्हा, त्याला थांबायला किलोमीटरच्या किलोमीटर लागतात आणि ब्रिजवरून (जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून) तुमची १९ फुटी बोट नाकाखाली आली की दिसतच नाही. मी वरून बघितलंय, खरंच दिसत नाही.

---

जर्सीची_जुई

अरे देवा. बारा वर्षं इथे बोट चालवतेय आणि हे माहीतच नव्हतं! डिसेंबरमध्ये अलिबागला येणार आहे, चुलतभाऊ बोट हातात देणार होता. धन्यवाद काका, वाचवलंत, मला नाही तर भावाच्या बोटीला.

---

आउटबोर्ड_मेस्त्री

इंजिनाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. टायपिंग चुकलं तर समजून घ्या, हात ग्रीसचे आहेत.

मला जे फोन येतात ना की मेस्त्री इंजिन स्टार्टच होत नाही, त्यात पहिला प्रश्न मी हा विचारतो की लाल क्लिप लावली का. दुसरा, गिअर न्यूट्रलला आहे का. तिसरा, पेट्रोलच्या पाइपमधला रबरी फुगा (प्रायमर बल्ब) दाबून कडक केला का आणि टाकीचा व्हेंट (हवेचं भोक) उघडला का. निम्मे लोक तिथेच थँक्यू म्हणून फोन ठेवतात, माझे पैसे बुडतात.

इंजिन सुरू झालं की मागे बघायचं, बाजूने पाण्याची बारीक धार पिचकारीसारखी उडाली पाहिजे. तिला टेल-टेल म्हणतात. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. आत रबराचा इम्पेलर असतो तो समुद्राचं पाणी खेचून इंजिन गार ठेवतो, धार बारीक झाली किंवा थांबली की लगेच बंद करायचं, पुढे रेटलं तर इंजिन शिजतं. कधीकधी नुसती भोकात प्लास्टिकची पिशवी किंवा वाळू अडकलेली असते, काडी घालून निघते. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने फ्लशिंग करायचंच, खालच्या जाळीवर दोन रबरी कान लावतात आणि नळ सोडतात, दहा मिनिटं. मीठ आत राहिलं की सिझनमध्येच कळतं.

ट्रिम म्हणजे थ्रॉटलवर (वेग कमी-जास्त करायच्या दांड्यावर) अंगठ्याजवळ वर-खाली बटण आहे ते. इंजिन ट्रान्समच्या जवळ किंवा लांब झुकवतं. निघताना पूर्ण आत घ्या, म्हणजे नाळ खाली राहते आणि बोट पटकन पाण्यावर चढते. ते चढणं म्हणजे प्लेनवर येणं. आधी बोट पाणी ढकलत जात असते, नाक वर आणि पुढचं काही दिसत नाही, मग एकदम हलकी होऊन पाण्यावरून घसरायला लागते, तुम्हाला पोटात कळेल. प्लेनवर आलात की ट्रिम थोडं थोडं बाहेर, आवाज मोकळा होतो, स्पीड वाढतो. जास्त बाहेर काढलं की बोट डॉल्फिनसारखी नाक वर खाली करायला लागते, तिला पोर्पॉइजिंग म्हणतात, मग परत थोडं आत. टिल्ट वेगळा, ते इंजिन पूर्ण पाण्याबाहेर उचलणं, ट्रेलरवर आणि किनाऱ्याला. टिल्ट करून चालवायचं नाही.

पंख्यावर आकडे असतात, उदा. १४ बाय १९. पहिला व्यास इंचात. दुसरा पिच, म्हणजे पंखा स्क्रूसारखा घट्ट वस्तूत फिरला तर एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल. पाणी घट्ट नसतं त्यामुळे तेवढं जात नाही, तो फरक म्हणजे स्लिप. फुल थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वर जात असेल तर पिच वाढवा, खाली राहत असेल तर कमी करा, एका इंचाला दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक धरा. सेकंडहँड बोटीवर आधीच्या मालकाने कुठलाही पंखा लावलेला असतो, बघून घ्या.

लोक म्हणतात पंखा कॅव्हिटेट करतो, दहातल्या नऊ वेळा ते व्हेंटिलेशन असतं. वळताना किंवा लाटेवर पंखा वरून हवा ओढतो आणि इंजिन एकदम ओरडतं ते व्हेंटिलेशन. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावर दाब इतका कमी होतो की पाणी थंडच असताना उकळतं आणि ते बुडबुडे फुटून पात्याला खड्डे पाडतात.

आणि शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, ट्रान्समला खाली एक भोक आहे, त्याला ड्रेन प्लग, म्हणजे बूच. ट्रेलरवर असताना काढून ठेवायचं म्हणजे आतलं पाणी निघून जातं. पाण्यात उतरवायच्या आधी लावायचं. बूच किल्लीला बांधा. मी दुसरं काही सांगणार नाही.

---

खुर्चीतला_खलाशी

मेस्त्री, "मी दुसरं काही सांगणार नाही" यामागे गोष्ट आहे असा वास येतोय.

---

आउटबोर्ड_मेस्त्री

आहे. माझीच. गिऱ्हाईकाची बोट होती, गिऱ्हाईकाचे सासरे पहिल्यांदा बसले होते, नारळ फोडून झाला होता आणि बूच माझ्या खिशात. बिल्ज म्हणजे बोटीचा सगळ्यात खालचा पोकळ भाग, डेकच्या खाली, तिथे भरणारं पाणी वरून दिसत नाही. सासऱ्यांनी विचारलं हा मागे घोंगावल्यासारखा आवाज कसला, तो बिल्ज पंप होता, आपोआप सुरू झालेला, मी म्हटलं पंप चेक होतोय साहेब. पाच मिनिटांनी स्टर्न एवढी खाली गेली की लाटेचं पाणी ट्रान्समवरून आत यायला लागलं. स्लिपवेपासून (बोट पाण्यात उतरवायच्या उतारापासून) वीस मीटरवर होतो म्हणून निभावलं.

---

शापोऱ्याचो_झिल

गोव्यातून लिहितोय. एक शब्द राहिला: बार. आमच्याकडे बार म्हटलं की लोक वेगळ्या दिशेला चालू लागतात, पण नदीच्या तोंडाशी वाळूचा जो उंचवटा साठतो तो बार. शापोऱ्याला आहे, मांडवीच्या तोंडाला आग्वादचा बार आहे, पावसाळ्यात तो भल्याभल्या बार्जवाल्यांनाही नको असतो. बाहेर खोल पाण्यातून येणारी लाट उथळावर आली की उभी राहते आणि फुटते. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असेल आणि वारा आत येत असेल तर सगळ्यात वाईट, लाटा आखूड आणि भिंतीसारख्या. आत शिरायचं तर भरतीला, आणि आधी बाहेर थांबून दहा मिनिटं लाटा बघायच्या. परत येताना लाटेच्या पाठीवर बसून यायचं, तिला ओलांडायचं नाही. ओलांडलंत तर नाळ पुढच्या खड्ड्यात घुसते आणि बोट आडवी फिरते, त्याला ब्रोचिंग म्हणतात. एवढा एकच शब्द असा आहे जो शिकायची वेळ येऊ नये.

---

नवखा_नाखवा

वाचतोय, वहीत लिहितोय. भरतीवरून आठवलं. आदल्या आठवड्यात अलिबागच्या बाहेर ओहोटीला नांगर टाकला, खोली दाखवत होती ४ मीटर, मी वीस मीटर दोरी सोडली, वाटलं पाचपट आहे म्हणजे खूप झाली. डबा खाऊन आडवा झालो, दोन-अडीच तासांनी बघतो तर किल्ला भलत्याच दिशेला. बोट वाहत चालली होती आणि कळलंच नाही. नांगर खराब आहे का?

---

थळचा_पोर

नांगर बिचारा चांगला आहे, गणित चुकलं.

खोली दोरीने नाही, भरतीने मोजायची. उधाणात आपल्याकडे पाणी सहज चार मीटर चढतं. तुमचे ४ मीटर भरतीला झाले ८. वरून नाळ पाण्यापासून मीटरभर उंच, म्हणजे ९. याच्या पाच-सातपट दोरी पाहिजे, त्याला इंग्रजीत स्कोप म्हणतात. सातपट म्हणजे ६३ मीटर. तुमची वीस मीटर भरतीला धड अडीचपटही राहिली नाही. दोरी जितकी उभी तितका नांगर वर उचलला जातो, आडवी असली की तो जमिनीत रुततो. म्हणून नांगराला आधी काही मीटर साखळी आणि मग दोरी, साखळीचं वजन दांडा खाली दाबून धरतं. आणि टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, माड आणि त्यामागचं देवळाचं शिखर, ती रेष मोडली की नांगर सरकला.

पाणी एकसारखं चढत नाही हे पण बघा. ओहोटी संपली की पहिल्या तासात जरा जरा, तिसऱ्या-चौथ्या तासात धबाधबा, शेवटी परत हळू. तुम्ही झोपलात तेव्हाच ते धबाधबा सुरू झालं.

मोबाइलवर टाइड टेबल आहेच, पण बाबांचं गणित असं: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. एखादा तास इकडे तिकडे, शुद्ध आणि वद्य दोन्हीला तेच, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, भांगेला पाणी कमी चढतं कमी उतरतं. बाबा म्हणायचे, "आदी पानी वाचाला शीक, मंगं इंजान."

---

जर्सीची_जुई

मस्त! उधाणाला इंग्रजीत स्प्रिंग टाइड म्हणतात, वसंत ऋतूशी काही संबंध नाही, दर पंधरवड्याला येते. मी पहिल्या वर्षी मार्चची वाट बघत होते. आणि शेजारच्या बोटीवरच्या काकांनी सांगितलेलं 'स्प्रिंग द्या' ते तिसरंच.

---

निवृत्त_दर्यावर्दी

हो, ते राहिलंच. धक्क्याला बोट चार दोऱ्यांनी बांधतात. पुढची बो लाइन, मागची स्टर्न लाइन, या दोन बोट बाहेर जाऊ देत नाहीत. पण ती पुढे-मागे सरकते, म्हणून दोन तिरक्या दोऱ्या. एक नाळेच्या क्लीटवरून मागे धक्क्यावर, एक मागच्या क्लीटवरून पुढे धक्क्यावर. या स्प्रिंग लाइन. आपल्याकडे पाणी एवढं चढतं-उतरतं की दोऱ्या आखूड ठेवल्या तर ओहोटीला बोट धक्क्याला टांगलेली सापडते, म्हणून लांब आणि तिरक्या.

स्प्रिंगचा उपयोग असा. वारा तुम्हाला धक्क्यावर दाबतोय आणि निघायचंय. बाकी सगळ्या दोऱ्या सोडा, फक्त नाळेवरून मागे गेलेली स्प्रिंग ठेवा. पुढच्या कोपऱ्यात मोठा फेंडर. चाक धक्क्याच्या दिशेला पूर्ण, आणि सगळ्यात हळू फॉरवर्ड. दोरी बोटीला पुढे जाऊ देत नाही, नाळ फेंडरवर टेकते आणि पाठ दारासारखी उघडते. पुरेशी उघडली की न्यूट्रल, चाक सरळ, दोरी सोडा, रिव्हर्समध्ये बाहेर. येताना, म्हणजे तुमचे शेजारी सांगत होते ते, याच्या जवळपास उलट, मधल्या क्लीटवरून एक स्प्रिंग आधी द्यायची आणि बोट तिच्यावर टेकवायची, स्टर्न आपोआप आत येते. हाताने ढकलू नका, पायाने तर अजिबात नाही. दीड टनाची बोट आणि काँक्रीट यांच्यामध्ये घोटा ठेवू नये.

नॉटचंही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर. वीस नॉट म्हणजे ३७ किलोमीटर. "ताशी वीस नॉट" म्हणू नका, ताशी त्यात आलंच. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती मागे सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे, म्हणून नॉट.

रेडिओ घ्या. परवाना लागतो, काढा. चॅनेल १६ कायम ऐकायचं, त्यावर गप्पा नाहीत. जीव धोक्यात असेल तर "मेडे" तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. इंजिन बंद पडलंय पण बुडत नाहीये, तर "पॅन-पॅन" तीनदा. बोलून झालं आणि उत्तर हवं तर "ओव्हर", संपलं तर "आउट". "ओव्हर अँड आउट" फक्त सिनेमात. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह करून ठेवा, आत्ताच.

---

खुर्चीतला_खलाशी

केला. बोट नाहीये माझ्याकडे, तरी केला.

एक शंका, हेड म्हणजे काय? मित्राच्या यॉटवर एकाने विचारलं "व्हेअर इज द हेड" आणि मी कॅप्टनकडे बोट दाखवलं.

---

जर्सीची_जुई

संडास 😀 पूर्वी जहाजाच्या अगदी नाळेकडे, 'हेड'ला, खलाशांची सोय असायची.

---

नवखा_नाखवा

मंडळी, अपडेट. आज परत गेलो. आत लाल आणि हिरवी पट्टी चिकटवली. किल कॉर्ड मनगटाला. तिथी षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून साडेतीनला उतरलो, पाणी वर होतं आणि स्लिपवे अर्धा बुडालेला, गेल्या वेळेस त्याच जागी नुसता शेवाळाचा चिखल होता. टेल-टेल मस्त उडत होती. वाटेत दोन बावटे दिसले, मी मधून जाणार तेवढ्यात बायको ओरडली "पोर्ट! पोर्ट घे!", घेतलं, मोठा वळसा घालून गेलो, होडीवरच्या म्हाताऱ्याने हात केला.

येताना धक्क्यावर वारा होता. तिने मधल्या क्लीटची स्प्रिंग दिली, मी हळू फॉरवर्ड, आणि काका खरंच पाठ आपोआप आत आली. आवाज नाही, ओरखडा नाही. तेच शेजारचे काका बघत होते, काही बोलले नाहीत, चहाचा कप जरा वर केला.

---

आउटबोर्ड_मेस्त्री

बूच?

---

नवखा_नाखवा

किल्लीला.